आक्काने अर्धी सोडलेली ओळ

दहाव्याला माणसं हसतात, हे मी पहिल्यांदा चंद्राक्काच्या दहाव्याला पाहिलं. नदीच्या काठावर पिंड मांडलेले होते, कावळ्याची वाट बघत सगळे उभे होते, आणि बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "आक्का असती तर ह्या कावळ्यावरबी दोन ओळी टाकल्या असत्या." झालं. एकीने आपल्या लग्नातली आठवण सांगितली, दुसरीने भाचीच्या हळदीतली. पदर तोंडाला लावून सगळ्यांचे खांदे हलायला लागले. लांबून कुणाला वाटलं असतं, बायका रडताहेत.

मी हसले नाही. माझ्या मनात आलं, माझ्या दहाव्याला लोक वेळेवर येतील, नीट उभे राहतील आणि घड्याळ बघत परत जातील. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी तिथे नदीकाठी उभी राहून केला.

चंद्राक्का माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला 'अहो आक्का' म्हणायचे, मनात मात्र कायम अगंतुगं. लिहितानाही मनातलंच वापरते. आमचं घर कोळवण खोऱ्यातलं, भातशेतीचं. मी पौडच्या एका पतसंस्थेत नोकरीला, पुढे मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही भूगावला फ्लॅट घेतला. आक्का खोऱ्यातच राहिली. पण लग्नसराई सुरू झाली की ती घरात सापडायची नाही. आज रिह्याला, उद्या पिरंगुटला, परवा थेट मावळात कुणाकडे तरी. तिला न्यायला जीप यायची. मी पतसंस्थेत एवढी वर्षं काढली, मला न्यायला कधी कुणाची जीप आली नाही.

आमच्याकडे लग्नात रुखवत मांडलं की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकींना टोमणे मारतात. बहुतेकींच्या ओळी ठरलेल्या असतात, सासूकडून सुनेकडे आलेल्या. आक्काकडे ठरलेलं काही नव्हतं. समोर जे माणूस बसलेलं दिसेल त्याच्यावर तिथल्या तिथे दोन ओळी, त्याने उत्तर दिलं की त्यावर पुन्हा दोन. आवाज काही गोड नव्हता, पत्र्यावर खडे पडल्यासारखा होता. हाताला लागेल ते वाजवायची. परात, प्लॅस्टिकची खुर्ची, भाजीचं रिकामं पातेलं. आणि ओळ सुचत असली की डाव्या कानाची पाळी चोळायची. तिचा हात कानाकडे गेला की समोरच्या बायका एकमेकींच्या मागे लपायच्या. "माझ्यावर न्हाई हां आक्का, माझ्यावर न्हाई!" लपायच्या खऱ्या, पण जिच्यावर ओळ पडायची ती पुढे वर्षभर ती ओळ सांगत फिरायची.

तिची माझी पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली. ती नवऱ्याकडची, म्हणजे माझ्या माणसांच्या विरुद्ध. रुखवतासाठी मी स्वतः पुठ्ठ्याचा बंगला केला होता. कौलं रंगवलेली, खिडक्यांना जिलेटीनच्या काचा, दारात तुळस. माझ्या मावशीने घरून लिहून आणलेल्या चार ओळी वाचून दाखवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग समोरून ही उंच, रुंद खांद्यांची बाई पुढे सरकली, पदर खोचला, माझ्या बंगल्याकडे बघितलं आणि कानाची पाळी चोळली.

"रुखवतात ठेवला बंगला, त्याचं रंगकाम लई छान,
मुळशीचा पाऊस आला तर भिजंल तुमचा मान!"

मांडव फुटेल इतके लोक हसले. मावशी म्हणाली, "बंगला खरा नाही हो, शोभेचा आहे." आक्काने ते वाक्य खाली पडू दिलं नाही.

"शोभेचा बंगला दावला, दाराला न्हाई कडी,
नवरी तरी खरी हाय का, का तीबी पुठ्ठ्याची घडी?"

सगळ्यात मोठ्याने माझे वडील हसले. डोळे पुसत हसले. मुंडावळ्यांच्या मागून मी त्यांच्याकडे बघत होते. मी मेहनतीने केलेल्या कशालाच ते आयुष्यात तसं हसले नव्हते. सासरी गेल्यावर पहिल्या सकाळी आक्काने चहा हातात दिला आणि म्हणाली, "राग आला व्हय? घर लई झ्याक केलं व्हतंस. वाईट आसतं तर म्या त्याच्यावं गायलेच नस्ते." ही तिची स्तुती करायची पद्धत. मला ती कधीच पुरली नाही.

ती काही साधीभोळी बाई नव्हती, हेही सांगायला हवं. मानाची भुकेली होती. लग्नात पुढची जागा मिळाली नाही तर तोंड फुगवायची. पहिल्या पंगतीला बसायची आणि वर सांगायची, "गाणाऱ्यानं आधी जेवावं. मागनं नुस्तं कवतिक उरतंय." माझी मोरपंखी साडी एकदा नेली ती हळदीचा डाग पाडून आणली. "हळदीचा डाग शुभ आसतो," म्हणाली आणि घडी माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली. कुणी तिच्या ओळीवर हसलं नाही तर ते माणूस तिला त्या दिवसापुरतं बिनडोक वाटायचं.

पण एक होतं. माणसाच्या अंगावर तिने कधी गायलं नाही. कुणी काळं आहे, कुणी लंगडतं आहे, कुणाला मूल नाही, तिथे तिची जीभ जायची नाही. एकदा एका नवरदेवाच्या बुटकेपणावर गा म्हणून मुलं तिच्या मागे लागली. ती म्हणाली, "जे त्याला बदलता येत न्हाई त्यावं काय गायचं? त्याचा गॉगल बगा की. गॉगल त्यानं सोता घेतलाय." आणि गॉगलवर गायली. नवरदेवाने हसत गॉगल काढून तिलाच घातला.

मीही ओळी लिहायचे. मंगलाष्टकं. नवरानवरीची नावं गुंफून, आजी-आजोबांचा उल्लेख करून, वृत्तात बसवून. नातेवाइकांत लग्न ठरलं की मला सांगायचे, आणि मी संध्याकाळी स्वयंपाक उरकून अक्षरं मोजत बसायचे. लोक म्हणायचे, वंदनाताईंची मंगलाष्टकं किती शुद्ध असतात. शुद्ध. तूप असतं तसं. आक्काचं मत वेगळं होतं. "वंदे, तुजी मंगलाष्टकं लई चांगली. पर झोप येती."

भूगावच्या एका लॉनवरचं लग्न मी विसरू शकत नाही. माझ्या चुलत दिराच्या मुलीचं. मुहूर्त जवळ आला आणि नवरदेवाच्या गाड्या पुण्याच्या चांदणी चौकात अडकल्या. भटजीही त्याच गाडीत. लोक चुळबुळायला लागले, काही जण हळूच जेवणाच्या मांडवाकडे वळले. दीर घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "वंदनावहिनी, माइक घ्या, जरा लोकांना धरून ठेवा." मी उठले. त्या लग्नासाठी केलेली मंगलाष्टकं म्हणायला लागले. पहिलं संपेपर्यंत मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. दुसरं चालू असताना माझ्यासमोरचा एक गृहस्थ फोनवर मोठ्याने विचारत होता, "वरमाला झाली का अजून व्हायचीय?" मी तिसरं म्हटलं. तिसरंही पूर्ण म्हटलं.

मग आक्का स्टेजवर चढली. माझ्या हातातून माइक घेतला नाही, नुसती माझ्या मनगटाला धरून तो आपल्या तोंडाकडे वळवला.

"चांदणी चौकात अडकली गाडी, मुहूर्त चालला टळून,
भटजीबी त्याच गाडीत, त्येनी अक्षता खाल्ल्या तळून!"

जेवणाकडे गेलेले लोक हातात ताट घेऊन परत आले. डीजेवाल्या पोराने नुसता ठेका लावला, गाण्याशिवायचा, आणि ती त्या ठेक्यावर चालू राहिली. पिवळ्या फेट्यातले मामा, लहान मुलासारखी लाडू लपवणारी आत्या, दर मिनिटाला नवरीची बट सारखी करणारी मेकअपवाली. फोटोवाल्यालाही तिने सोडलं नाही.

"फोटोवाला म्हणतोय थांबा, सारं वऱ्हाड उभं,
आत्याबाईच्या पोटामधी कावळ्यांची सभा!"

'उभं' आणि 'सभा', यमक जुळत नव्हतं. मी तिथेच शेजारी उभी होते, मला ते चुकलेलं लगेच कळलं. दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. सगळा वेळ माइक माझ्या हातात होता आणि आवाज तिचा येत होता. नवरदेव आला तेव्हा लोकांना वाटलं, हा इतक्या लवकर कसा आला.

त्या दिवसाचा व्हिडिओ खोऱ्यात फिरला. तरुण पोरं तिला 'रॅपर आक्का' म्हणायला लागली. तिचा मुलगा ओंकार हिंजवडीत एका कंपनीत होता. दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो तेव्हा त्याने तिच्यापुढे मोबाइल धरला. "आई, हे बघ तुझे भाऊबंद."

कुठल्यातरी लग्नातलं लांबलचक टेबल होतं. फळांनी भरलेल्या ताटल्या, मागे फुलांची सजावट, आणि कोट घातलेले पुरुष. एक जण माइक घेऊन तालात बोलत होता, बाकीचे चुटक्या वाजवत होते. त्याची ओळ संपली की शेवटचे शब्द सगळे मिळून म्हणायचे, मग माइक समोरच्याकडे. तो हसत हसत पहिल्याला काहीतरी झोंबेलसं सुनवायचा. ओंकार म्हणाला, "अझरबैजान नावाचा देश आहे. तिकडे याला मेयखाना म्हणतात. आधी काही ठरवलेलं नसतं, तिथल्या तिथे जुळवायचं."

आक्काने मान वाकडी करून बघितलं. "ह्यांच्यात बाया न्हाईत व्हय?"

"या व्हिडिओत नाहीत."

"तरीच. खरकटं कोन काडतंय मंग?" असं म्हणून तिने जवळचा स्टीलचा डबा मांडीवर घेतला. त्यांच्या चुटक्यांचा ठेका तिने पटकन धरला. निळ्या कोटातल्या माणसाचं म्हणणं संपायची वाट बघितली, आणि मोबाइलकडे बोट करून सुरू झाली:

"आज्जरबैजानच्या दाजी, टाय आवळला गळ्याला,
आमी दावं बांधतो तसं, शेरडाच्या गळ्याला!"

आणि नेमकं त्याच वेळी मोबाइलमधला तो माणूस मान मागे टाकून हसला. जणू त्याने ऐकलं. घरातली पोरं जमिनीवर लोळायला लागली. आक्काने तर त्याला हात जोडून नमस्कार केला.

मी भूगावला आल्यावर त्या प्रकाराबद्दल मिळेल ते वाचून काढलं. यमक कसं चालतं, शेवटचे शब्द प्रत्येकाने कसे सांभाळायचे असतात, सगळं. पुढच्या भेटीत आक्काला समजावून सांगितलं. 'गळ्याला' आणि 'गळ्याला' हे यमक धरत नाहीत, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "आसंल. पर त्यो निळ्या कोटाचा लई खट हाय. त्याच्याम्होरं बसाया मजा यील." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला सगळं ठावं हाय की. गा मंग."

मी म्हणाले, "आत्ता कसं? विचार करावा लागतो."

ती तांदूळ निवडत होती. परत निवडायला लागली.

मला बरीच वर्षं संशय होता की ती घरी तयारी करत असणार. एकदा भातलावणीच्या दिवसांत मी मुद्दाम लवकर उठून तिच्या मागे बांधापर्यंत गेले. एकटी असताना ही काहीतरी जुळवत असेल, घोकत असेल. ती म्हशीशी भांडत होती, साध्या गद्यात. मला बघून म्हणाली, "आलीस? ये, धर हिला." मी चिखलात उभी राहून म्हैस धरली.

मग माझ्या सायलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे लोक भोर तालुक्यातले, साधे, कमी बोलणारे. मी हळदीसाठी विहिणींवर ओळी करायला घेतल्या. चांगल्या झाल्या होत्या, अजूनही वाटतं. सायलीला वाचून दाखवल्या. तिने माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "आई, मस्त आहेत गं. पण हळदीला मोठ्या आईलाच बसू दे ना. तू नवरीची आई आहेस, तुला किती कामं असतील."

मी म्हटलं, बरं.

हळद दुपारी होती, आमच्या गावच्या अंगणात. मी खरंच कामात होते. पाणी, पानं, पाहुण्यांच्या चपला. अंगणात सतरंजीवर आमच्या बायका एका बाजूला, मुलाकडच्या दुसऱ्या बाजूला. त्यांच्यात गाणारं कुणी नव्हतं हे आक्काच्या पहिल्या दोन ओळींतच कळलं.

"भोरचं वऱ्हाड आलं, गाड्या लावल्या धा,
गाणारी एकबी न्हाई, नुस्तं त्वांड बगत ऱ्हा!"

त्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आमच्याकडच्या पोरी ओरडल्या, "आक्का, हाना आजून!" आक्काने कानाकडे हात नेला आणि तिथेच थांबली. ती सतरंजीकडे बघत नव्हती. अंगणाच्या कडेला खुर्च्यांची चळत होती, तिच्यामागे एक बाई उभी होती. मुलाची आई, मंगलताई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साडी चांगली नेसलेली, पण हळदीच्या जागेपासून लांब, कुणाच्या वाटेत यायला नको अशी उभी. मी तिला दोनदा बघितलं होतं आणि दोनदा 'बसा ना' म्हणून पुढे गेले होते.

आक्काने ठेका हळू केला.

"खुर्च्यांच्या मागं उबी कोन, कशाची वाट बगती..."

आणि ओळ सोडून दिली. पुढची म्हटलीच नाही. परातीवर बोटं चालू. पुन्हा तीच ओळ म्हणाली, पुन्हा सोडली. आता सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मंगलताईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, ही रडणार, आणि माझ्या मुलीची हळद बिघडणार. तिसऱ्यांदा आक्का थांबली तेव्हा खुर्च्यांमागून अगदी बारीक आवाज आला:

"मी नवऱ्याची आय हाय बाई, जागा कुनी दिली न्हवती."

आक्काचा चेहरा असा फुलला की मी तसा कधी पाहिला नव्हता. तिने लगेच पुढची अर्धी टाकली.

"जागा मागून मिळत न्हाई, बसायचं आसतं रेटून..."

मंगलताईंनी पदर सारखा केला. दोन पावलं पुढे आल्या. आणि या वेळी आवाज चांगला खणखणीत होता.

"मंग सरका की विहीनबाई, बसते तुमाला खेटून!"

काय हशा झाला! आक्काने परात बाजूला ठेवली, दोन्ही हात वर केले. "हारले गं बायांनो, हारले!" आणि खरोखर सरकून जागा केली. मंगलताई तिला खेटून बसल्या. आक्काने हळदीची वाटी त्यांच्या हातात दिली. "पयली हळद आईची. लावा." माझ्या मुलीला पहिली हळद तिच्या सासूने लावली. सायली रडायला लागली आणि रडत आक्काच्या गळ्यात पडली. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी होते. चांगलंच झालं होतं सगळं. माझ्या मुलीचं सासर त्या दोन ओळींत माझ्या मुलीचं झालं होतं. पण ते मी केलं नव्हतं.

संध्याकाळी पातेली धुताना मी आक्काला म्हणाले, "मुद्दाम हरलात तुम्ही."

"मुद्दाम कुटं? तिनं बरूबर मारली की."

"मग मला कधी अशी अर्धी ओळ सोडली नाहीत ती? इतक्या वर्षांत एकदाही नाही."

तिने हातातला काथ्या खाली ठेवला. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुला? वंदे, तू तर कायम घरनं पुरी करून आणतीस. तितं शिरायला मानसाला जागा कुटं आस्ती?" थोड्या वेळाने तिने विचारलं, "बुंदी हाय का गं शिल्लक?"

मी उठून बुंदी दिली. काय करणार?

त्यानंतर मंगलताई आणि आक्का यांची जोडी झाली. भोरवरून त्या लग्नांना येऊ लागल्या. माझी विहीण, पण मुक्काम आक्काकडे. दोघी एकाच जीपमध्ये. एक अर्धी टाकणार, दुसरी पूर्ण करणार. सायली फोनवर कौतुकाने सांगायची, सासूबाई किती बदलल्या. मी 'हो ना' म्हणायचे.

आक्काला मी शेवटची पाहिली ती रिह्याच्या एका लग्नात. पुढे महिन्याभरातच ती झोपेत गेली, म्हणून ती शेवटची. भर दुपार होती, आम्ही उशिरा पोचलो होतो. मांडवाच्या एका कोपऱ्यात दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये पाण्याचा रिकामा जार उपडा घातलेला. भोवती बायकांचं कोंडाळं. मी आत शिरले नाही. कडेला मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले.

आक्काने मला बघितलं. कानाची पाळी चोळली. मला वाटलं, आता येणार माझ्यावर, माझ्या पर्सवर नाहीतर चष्म्यावर. तिने जारवर ठेका धरला.

"भूगावची पाव्हनी आली, उबी ऱ्हायली लांब..."

आणि थांबली. माझ्याकडे बघत थांबली. बोटं जारवर चालू. सगळं कोंडाळं माझ्याकडे वळलं. मंगलताईही थांबल्या, त्यांनाही कळलं ही ओळ त्यांची नाही.

मला सुचलं होतं. खोटं नाही सांगत, लगेच सुचलं होतं. 'खांब'. मी खांबालाच टेकले होते. ओळ अर्धी जुळलीही होती, फक्त शेवटाला एक अक्षर जास्त होत होतं. मी मनात ते अक्षर काढून बघितलं, परत घातलं, दुसरा शब्द लावून बघितला. आक्काने ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही म्हटली. मी तोंड उघडलं.

"मांडव धरून ठेवलाय जनू, हीच मांडवाचा खांब!" मंगलताईंच्या तोंडून गेलं.

लोक हसले. टाळ्या पडल्या. ओळ चांगली होती. मंगलताईंनी जीभ चावली आणि माझ्याकडे ओशाळून बघितलं.

आक्का हसली नाही. ती मंगलताईंकडे वळलीसुद्धा नाही. अजून थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिली, बोटं जारवर तशीच हळू वाजत होती. मग तिने जोरात थाप मारली आणि शेजारच्या बाईवर पुढची ओळ घेतली.